बाप्तिस्मा घेऊन चार वर्षं झाली, आता प्रार्थनेत मन लागत नाही, वाढ थांबलीय असं वाटतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पहिलं वर्ष एकदम भरून आल्यासारखं गेलं आणि आता शिफ्टची नोकरी, वचन म्हणजे बायबल उघडलं तरी कोरडं वाटतं, मंडळीत, म्हणजे चर्चला, जायला पाय निघत नाही, घरचे अजून नाराज. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो, पास्टर वगैरे नाही, पण माझीही तीन वर्षं अशीच गेली म्हणून लिहितोय.

मी त्या तीन वर्षांत सगळ्यांना एकच सांगायचो, वेळ मिळत नाही. रात्रपाळी, घरी आलं की पाणी भरायचं, इथं पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसाआड येतं, मग झोप, मग परत पाळी. हे सगळं खरंच होतं, खोटं काही नव्हतं त्यात. पण खरं कारण दुसरंच होतं आणि ते मला माहीत असून मी त्याकडे बघत नव्हतो. बायकोच्या ऑपरेशनला मी मंडळीतल्याच एका वडिलांकडून (म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडून) अठरा हजार घेतले होते, सहा महिन्यात देतो म्हणून. जमलं नाही. ते काही बोलले नाहीत कधी, पण मीच आधी दुसऱ्या बाकावरून मागच्या बाकावर गेलो, मग शेवटच्या आशीर्वचनाच्या आधीच उठून गाडी काढायला लागलो, मग प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या, रविवारीच नेमकं काहीतरी काम निघायला लागलं. आणि याला मी म्हणत होतो आत्मिक कोरडेपणा!

मागावर ताण्याचं, म्हणजे उभं, एकच सूत तुटतं आणि लक्ष गेलं नाही तर टॉवेलच्या लांबीभर रेघ पडते. मग कितीही जोरात माग चालवा, रेघ जात नाही, माग थांबवून ते टोक शोधून गाठ मारावी लागते. मी काय करत होतो तर माग आणखी जोरात चालवत होतो, म्हणजे उपवास धरले, पहाटे चारचा अलार्म लावला, युट्यूबवर तीन-तीन तास संदेश ऐकले. काही झालं नाही. मत्तय 5 मध्ये प्रभू सांगतो ना की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते मी शंभरदा वाचलं होतं पण कायम दुसऱ्यासाठी वाचलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, म्हटलं एकदम नाही जमणार, महिन्याला हजार देतो. ते म्हणाले, "अरे तू येत नव्हतास म्हणून मला वाटलं माझंच काही चुकलं." दीड वर्ष लागलं फिटायला. प्रार्थना लगेच गोड झाली असं नाही हं, पण मान वर करून बसता यायला लागलं, आणि माझ्यासाठी वाढ तिथून परत सुरू झाली.

म्हणून पहिलं हे विचारतो, आणि उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. मंडळीत असा कोण माणूस आहे की ज्याची नजर तुम्ही चुकवता? किंवा अशी कुठली गोष्ट आहे जी प्रार्थनेत आली की तुम्ही विषय बदलता? पैसाच असेल असं नाही, मोबाईलवर रात्री काय बघतो ते असेल, भावाशी अबोला असेल. प्रभूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात काटेरी झुडपांतलं बी मरत नाही बघा, ते उगवतं, वाढतं, फक्त फळ येत नाही. आणि मार्क 4 मध्ये ते काटे कोणते सांगितलेत तर संसाराची चिंता, द्रव्याचा मोह आणि बाकीचे लोभ. चिंता पहिली येते! आपण मोठं पाप शोधत बसतो आणि हप्त्याची चिंता सगळा रस पिऊन जाते.

आता समजा तुम्ही प्रामाणिकपणे शोधलं आणि असं काहीच सापडलं नाही. तेही होतं. मग उगाच स्वतःवर आरोप करत बसू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, शेवटी कुठं उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवाशीच बोललेलं आहे. एलीया संदेष्टा तर झुडपाखाली बसून मरण मागत होता, आणि देवदूताने त्याला काय सांगितलं? ऊठ, खा. भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला दिलं, देवाशी बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. रात्रपाळी करणाऱ्याने हे नीट वाचावं. चार तास झोपून वचन वाचलं तर ते कोरडंच लागणार, तिथं विश्वास कमी नाहीये, झोप कमी आहे. मी पहाटेचा अलार्म बंद केला आणि पाळीवर जायच्या आधी वीस मिनिटं बसायला लागलो, एकच परिच्छेद, मोठ्याने वाचून.

आणि चार वर्षं म्हणजे फार उशीर झाला असंही समजू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये 1883 ला झाला, आणि त्यांनी स्वतःच्या साक्षीत सांगितलंय की आठेक वर्षांनंतर कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई, विधवांसाठी शारदा सदन सुरू करून झालं होतं, तरी. सोलापूरहून पुण्याला जाताना गाडी केडगाववरून जाते, तिथं त्यांचं मुक्ती मिशन आहे, मला दरवेळी ती आठ वर्षं आठवतात. या काळात त्यांनी काम सोडलं नाही आणि शोधणंही सोडलं नाही.

घरच्यांचं म्हणाल तर तिथं वाद घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलं नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, त्यानंतर पाच वर्षांनी, आणि तोही त्यांचा त्यांना पटल्यावर. तुमची आई म्हणते की हा रविवारी घरातलं सोडून पळतो, तर तिचं म्हणणं ऐका थोडं. आमच्याकडे कधीकधी नेमका रविवारीच पाण्याचा नंबर यायचा, मी पिंप आणि टाकी भरून मगच निघायचो, दुसरं गीत सुरू असताना पोचायचो. मंडळीत कुणी काही म्हणालं नाही. आणि वर्षभराने आईच सकाळी म्हणायला लागली, तू जा, पाणी मी बघते.