'निसर्गनियम' की 'नैसर्गिक कायदा'?

"मानवी हक्कांचा पाया निसर्गनियमांत आहे" असे वाक्य एका वाचकाला अनुवादात सापडले. ते बरोबर आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते 'निसर्गनियम' तिथे चुकलाच.

निसर्गनियम म्हणजे गुरुत्वाकर्षणासारखे. ते मोडताच येत नाहीत. वर फेकलेला दगड खाली आला म्हणून कोणी त्याला शाबासकी देत नाही. नैतिक चर्चेतला नैसर्गिक कायदा मात्र खुशाल मोडता येतो. मोडणारा दोषी ठरतो, भले त्याच्या देशाच्या कायद्याने मुभा दिलेली असो, एवढाच या कायद्याचा दावा. आणि नुसता निसर्गच प्रमाण मानायचा, तर मोठा मासा लहान माशाला गिळतो हेही नैसर्गिकच. त्याला आपण मत्स्यन्याय म्हणतो, आणि तो शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरत नाहीत.

इथला 'निसर्ग' म्हणजे माणसाची विवेकी प्रकृती. प्राचीन रोमन विचारवंत सिसेरोच्या मते खरा कायदा म्हणजे या प्रकृतीशी जुळणारा विवेक. तो रोमला एक आणि अथेन्सला दुसरा असा नसतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने तो ईश्वरी योजनेत बसवला. डच कायदेपंडित ग्रोशियसने १६२५ मध्ये धाडस केले: ईश्वर नाही असे घटकाभर धरले (तसे धरणे महापाप, हे सांगायला तो विसरला नाही!), तरी हा कायदा काही अंशी टिकेल. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमला मात्र हे सगळे थोतांड वाटे. त्याच्या लेखी आधी राज्याने केलेला कायदा, मग हक्क.

हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही शिरला. माणसांना बुद्धी आणि सदसद्विवेक 'निसर्गतः' लाभले आहेत, असे पहिल्या कलमाच्या मसुद्यात होते. चर्चेअंती 'निसर्गतः' गळाले. सगळी माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, हे मात्र राहिले. पाया कोणता हे न ठरवता घर बांधायचे, अशी ती तडजोड. मला ती शहाणपणाची वाटते.

म्हणून अनुवादात 'नैसर्गिक कायदा' लिहावे. हक्कांबद्दल बोलायचे तर 'जन्मसिद्ध हक्क' हा टिळकांमुळे घरोघरी पोचलेला शब्द आहेच. 'नैसर्गिक न्याय' मात्र इथे नको. तो न्यायालयीन कामकाजातला शब्द: दोन्ही बाजू ऐकून घ्या आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नका.