क्रूस एकटीनेच वाहायचा का?

प्रश्न : मावशी, सलाम. माझं वय ४६. आम्ही सुदामानगरात राहतो. सासूबाईंना लकवा मारला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. पाठीवर लाल डाग दिसतो, तेल चोळते. मी शाळेतली नोकरी सोडली. मिस्टर सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री जेवायलाच येतात. दीर भोपाळला असतात. पैसे वेळेवर पाठवतात आणि फोनवर विचारतात, "आई कशी आहे?" पाळकसाहेब प्रार्थनेला आले तेव्हा म्हणाले, "हा तुमचा क्रूस आहे, आज्ञाधारकपणे वाहा, देव तुम्हाला घडवतो आहे." मी वाहतेच आहे. पण हल्ली रात्री हाक आली की अंगाचा तिळपापड होतो. परवा तर वाटी आपटली, मग रडून क्षमा मागितली. महिला मंडळाच्या दोघी येऊन बसायला तयार आहेत. पण सासूबाईंना परक्याचा हात चालत नाही, आणि सुनेने हात झटकले असं कुणी म्हणायला नको. माझा विश्वास कमी पडतोय का?
(एक भगिनी, इंदूर)

उत्तर : बाई, कमी पडते आहे ती झोप. तुमचं मन राखायला म्हणत नाही हे. माझी सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात गेली. रात्रपाळ्या लागोपाठ लागल्या की गाईसारख्या गरीब सिस्टरसुद्धा पेशंटवर खेकसायच्या, आणि त्याच दोन रात्री घरी झोपून आल्या की गीतं गुणगुणत ड्रेसिंग करायच्या.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढून वाचा, १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवदूत येतो तो काही शास्त्र शिकवत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो, मग उठवून परत खायला घालतो. देवाशी बोलणं झालं ते पुढे, होरेब डोंगरावर. तुमच्याकडे आधी कुणी भाकर घेऊन आलं असतं आणि क्रुसाचं नंतर बोललं असतं, तर मला बरं वाटलं असतं. पाळकसाहेबांशी ओळख असती तर हे मी त्यांना तोंडावर सांगितलं असतं.

आता क्रुसाचंच घेऊ. मार्काच्या १५व्या अध्यायात कुरेनेकर शिमोन येतो. आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, शेतावरून परतत होता. शिपायांनी त्याला वेठीला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. प्रभू येशू वळून म्हणाला, "नको, माझा मीच वाहीन", असं चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. मग सुदामानगरातल्या सुनेने मात्र शिमोनाला दारातूनच परत पाठवायचं, हे कुठल्या वचनात बसतं?

आणि येशूचा शिष्य पेत्र आठवा. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू पाय धुवायला वाकला, तेव्हा पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. नम्रताच होती ती, पण प्रभूने ती चालवून घेतली नाही. दुसऱ्याची सेवा करण्यापेक्षा दुसऱ्याकडून सेवा करून घेणं आपल्याला जड जातं. पाळकसाहेब म्हणतात तो आज्ञाधारकपणा मला इथे दिसतो. मंडळातल्या त्या दोघींना "या" म्हणा.

"देव घडवतो आहे" याबद्दल थोडं. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. त्या स्वतः कोवळ्या वयात उपाशीपोटी गावोगाव पायपीट करत होत्या. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या आपल्या मध्य भारताकडे आल्या आणि इथल्या उपासमारीतून मुली-विधवांना महाराष्ट्रात घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आता कुणी म्हणेल, म्हणूनच देवाने पहिला दुष्काळ धाडला. माझी जीभ नाही हो धजत हे म्हणायला. रमाबाईंनी भूक ओळखली कारण त्या भुकेल्या राहिल्या होत्या, एवढं मला कळतं. त्यांच्या आईचं मरण हा कुणाच्या प्रशिक्षणाचा खर्च होता, असं मी मानत नाही. सासूबाईंचा लकवाही तुमच्या शिक्षणासाठी आलेला नाही.

आता माझ्या हक्काचा विषय. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती एका वाक्याची, "पाठीवर लाल डाग दिसतो, तेल चोळते." चोळू नका. बोटाने दाबून बघा. दाबल्यावर डाग पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, पण दाबूनही लालच राहिला तर आतली कातडी दुखावली आहे, चोळण्याने ती आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढायचा, बस. दर दोन तासांनी कूस बदला. पाठीवर, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि पाठीमागे उशीचा टेकू. रात्री गजर लावायचा, पण पाळी लावून. टाचा गादीला टेकू देऊ नका. पोटरीखाली घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवली की टाच अधांतरी राहते. बाजारात मिळणारी मधे भोक असलेली रबराची रिंग अजिबात आणू नका, कडेने रक्त अडतं. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण गादी आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. भरवताना नीट उठवून बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा छोटा, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, पाणी फुप्फुसात उतरतं.

आणि एकटीने उचलू नका. कमरेखाली आडवी चादर घाला, आम्ही तिला ड्रॉ शीट म्हणायचो. दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि "एक, दोन, तीन" म्हणत सरकवायचं. तुमची कंबर गेली तर घरात दोन खाटा होतील. दुसरी बाई लागते ती इथे. परक्याचा हात नको म्हणणाऱ्या कितीतरी सासवा मी पाहिल्या. पहिल्या दिवशी त्या हाताने नुसती वेणी घालायची, दुसऱ्या दिवशी चहा पाजायचा. आठवड्यात त्याच विचारतात, "ती आज आली नाही का?"

राहिले दीर. आईबापांचा मान राखायची आज्ञा सीनाय पर्वतावर लेकरांना दिली होती, त्यात सुनेचं नाव वेगळं घातलेलं नाही. आपल्याकडे आज्ञाधारकपणाची वचनं सुनांनाच मोठ्याने ऐकू येतात, मुलांच्या कानावरून जातात. फोनवर "आई कशी आहे" आलं की म्हणा, "भाऊजी, येत्या शनिवारी या आणि सोमवारी सकाळपर्यंत आईंजवळ तुम्ही बसा, मी माहेरी जाते." पैसे पाठवणारा मुलगा वाईट नसतो, त्याला फक्त कुणी काम सांगितलेलं नसतं. कूस बदलायला मिस्टरांनाही शिकवा. ते रात्री घरीच असतात.

प्रश्न : मी दवा बाजारात एका होलसेलरकडे बिलिंग करतो. वडील गेल्यावर मालकांनीच माझी फी भरली. ते आपल्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले आहेत. आता एक्सपायरी जवळ आलेला माल खपवायला ते दुसऱ्या बॅचचा नंबर टाकून बिल काढायला लावतात. मी कां-कूं केलं तर म्हणाले, "चाकरांनी धन्याच्या अधीन राहावं, हे बायबलच सांगतं." काय करू?
(एक तरुण, इंदूर)

उत्तर : बेटा, ते वचन पेत्राच्या पहिल्या पत्रातलं आहे, दुसरा अध्याय. त्याच पेत्राने यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभं राहून सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय. मालकांना दोन्ही पानं दाखव. पण हेही वाच की त्यानंतर पेत्राला फटके बसले. नोकरी शाबूत राहील असं वचन मी देऊ शकत नाही.

बॅच नंबर ही शोभेची गोष्ट नसते. एखाद्या औषधात दोष निघाला की तेवढी बॅच बाजारातून परत मागवतात, आणि कुठल्या दुकानात गेली ते बिलावरूनच शोधतात. बिलावर खोटा नंबर असेल तर ते औषध कुणाच्या घरी गेलं ते सापडत नाही. कुणाचं तरी लेकरू ते पिणार असतं.

मला निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या दोन सुइणी फार आवडतात, आमच्याच धंद्यातल्या म्हणून असेल. फारोने हुकूम सोडला की इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका. त्यांनी नाही मारले. एवढा मोठा राजा, पण त्याचं नाव तिथे दिलेलं नाही. सुइणींची दिली आहेत, शिप्रा आणि पुवा. (शिप्रा तर उज्जैनच्या घाटावरच भेटावी अशी.)

उपकाराचं म्हणशील, तर फीचे पैसे महिन्याच्या महिन्याला फेडायला लाग. ते नको म्हणाले तरी. उपकार पैशाने, कष्टाने, म्हातारपणी त्यांना दवाखान्यात नेऊन फेडता येतात. खोट्या बिलाने नाही. दुकानात माणसं नसताना, आवाज न चढवता, एकदाच सांग, "साहेब, गोडाऊन झाडायला सांगा, झाडतो. हे बिल माझ्या लॉगिनवरून निघणार नाही." दानिएलाने खोजांच्या सरदाराशी बोलताना अशीच अदब ठेवली होती, नकार देऊनही. मुदत संपत आलेला माल कंपनीकडे परत करायचा रस्ता असतो, तो हिशेब करून त्यांच्यापुढे ठेव. तरी ऐकलं नाही तर दुसरी नोकरी बघ, उद्यापासूनच. तोवर लॉगिनचा पासवर्ड बदल आणि कुणाला देऊ नकोस.

प्रश्न : वडिलांनी बांधलेलं घर धाकट्या भावाने बळकावलं. वरचा मजला भाड्याने देतो, मला दमडी नाही. आईवडील दोघेही प्रभूकडे गेले. बहीण देवासला दिलेली आहे, तिचा प्रश्न नाही. मंडळीतले लोक म्हणतात, क्षमा कर, कोर्टात जाऊ नको, नाताळला त्याच्याकडे जेवायला जा. क्षमा म्हणजे हक्क सोडायचा का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : दादा, एका माणसाने प्रभूकडेच असा अर्ज केला होता, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. लूक, बारावा अध्याय. प्रभूने साफ सांगितलं, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि वर लोभाबद्दल चार शब्द ऐकवले. तेव्हा वाटणीचं मी काय बोलणार? क्षमेचं बोलते.

सिस्टर राणी मरिया तुम्हाला माहीत असतीलच. केरळच्या नन. उदयनगर भागात गरीब शेतकरी-आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवायचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. वय अवघं ४१. त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधून आली. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इथे इंदुरात राणी मरियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं. आपण प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक, असले हिशेब मी ठेवत नाही.

पण ही गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात. राखी बांधली ती तुरुंगात. खटला चालला होता, शिक्षा झाली होती, ती तो भोगत होता. क्षमा करायची म्हणून झालेल्या खुनाला कुणी अपघात म्हटलं नाही. तेव्हा क्षमा करूनही हिस्सा मागता येतो. पौल करिंथकरांना सांगतो की भावाभावांचा निवाडा करायला मंडळीत एखादा शहाणा माणूस शोधा. आधी तसा शोधा, दोघांनाही चालेल असा. नाही जमलं तर वकील आहेतच. जेवायला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका, करंज्यांचा डबा मुलांच्या हाती पाठवा. ओढूनताणून बसलेल्या पंगतीत भांडणं जास्त होतात.

पण "तिचा प्रश्न नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि आईही गेली असेल, तर घर सगळ्या लेकरांत सारखं वाटलं जातं. मुलगा-मुलगी फरक नाही, लग्न झालं की नाही याचाही नाही. तुमचा हिस्सा अर्धा नाही, तिसरा आहे. भावाकडे जाण्याआधी देवासला जाऊन या, आणि बहिणीला काय हवं ते तिच्याच तोंडून ऐका.