समोर कोण बसलं होतं ते लिही

अगं, तुझा मेसेज काल रात्री तीनदा वाचला. तुझ्या प्रयोगात अंगाची जाणीव मोजताना मैत्रीण समोर बसली की आकडे एक येतात, अनोळखी कुणी बसलं की वेगळेच, आणि आता गाइड म्हणतायत माणूस नकोच, पुतळा ठेव, म्हणजे गोंधळ मिटेल. डेटा बिघडला का विचारतेस. नाही बिघडला, तोच तुझा रिझल्ट आहे!

2013 चा सेरिनोंच्या टीमचा, इटलीतल्या बोलोन्याचा पेपर परत काढ. गालाला हलका स्पर्श, त्याच वेळी जवळ येत जाणारा आवाज, आणि आवाज शरीराभोवतीच्या हद्दीत शिरला की स्पर्श पटकन कळतो, त्यावरून हद्द मोजायची. पुतळ्याऐवजी खरा माणूस बसवला तर हद्द आक्रसली. मग दोघं पैशांचा खेळ खेळले, समोरचा सहकार्याने वागला तर तीच हद्द त्याच्यापर्यंत पसरली, आपमतलबी वागला तर नाही. मेंदू आपलं अंग कुठपर्यंत धरतो हे समोर कोण आहे त्यावर ठरतं गं, आणि तू तेच पुसून टाकायला निघालीयस.

माझी पाच वर्षं रबरी हातात गेली. 1998 मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन या संशोधकांनी दाखवलं तेच, खरा हात पडद्याआड, टेबलावर रबरी हात, दोन्हीवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा, की तो हात आपला वाटायला लागतो. ब्रश मी स्वतः फिरवायचे. एक बाई आठवतात, हात किती आपला वाटला याच्या उणे तीन ते अधिक तीनच्या पट्टीवर खूण करायच्या आधी दर वेळी पेन्सिल थांबवून माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या. मला ते दिसत होतं. मी कुठेही लिहिलं नाही. 2020 मध्ये लश या संशोधकांनी मांडलं की या अनुभवात अपेक्षेचा, सूचनेचा मोठा वाटा असू शकतो, तेव्हा पहिल्यांदा त्या बाईच डोळ्यासमोर आल्या. खोलीत दुसरा माणूस होता, तो मी होते, आणि माझ्या शीटमध्ये मी कुठेच नाही.

तेव्हा सगळे तसंच करायचे हे खरंय. मेंदूच्या स्कॅनरमध्ये एकच माणूस मावतो, ग्रँटची मुदत संपत आलेली, आणि ब्रशचं टायमिंग मी कधीही चुकू दिलं नाही, ते आजही छातीठोक सांगेन. पण समोर कोण बसलं होतं ते लिहिलं नाही, ते नाहीच लिहिलं.

मशीन मोठं लागतं असंही समजू नकोस. 2003 मध्ये लंडनला शेरगिल आणि मंडळींनी जोड्या बसवल्या, आपल्या बोटावर जेवढा दाब आला तेवढाच समोरच्याच्या बोटावर परत द्यायचा, बस. दोघंही इमानदारीत तेवढाच देतोय समजत होते आणि दाब दर पाळीला साधारण 38 टक्क्यांनी चढत गेला, कारण आपण स्वतः दिलेला दाब मेंदू आधीच ओळखून कमी धरतो, दुसऱ्याचा मात्र पूर्ण जाणवतो. एकट्याला बसवून ही चढती भांडणं दिसली असती का? सांग ना.

पुतळा ठेवायचा तर कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेपुरता ठेव, माणसाच्या जागी नको. गाइडशी मी बोलते. तू आजच एक्सेलमध्ये तीन कॉलम वाढव: समोर कोण, ओळख किती दिवसांची, आणि ब्रश कुणाच्या हातात होता. जुन्या 18 जणांचं आठवतंय तोवर भरून टाक, उद्या विसरशील.