पुण्यातल्या मॉलमधल्या दुकानात कर्मचाऱ्याच्या हातून गरम कॉफी सांडून हात भाजला. भरपाई मिळेल का?

हो, दुकानाचा निष्काळजीपणा दाखवता आला तर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे भरपाई मागता येते. आधार 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. कलम 69 प्रमाणे मुदत 2 वर्षे. वकील सक्तीचा नाही. पण घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे: सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा असं दुकानाला आजच लेखी कळवा, ते फार दिवस राहत नाही. जखमेचे फोटो, दवाखान्याचा केसपेपर, औषधांच्या पावत्याही हव्यात. मॅनेजर गिफ्ट व्हाउचर पुढे करून 'तक्रार नाही' अशी सही मागू शकतो, ती देऊ नका. अडचण एकच: काहीच विकत घेतलं नसेल तर 'हे आमचे ग्राहकच नाहीत' असा बचाव दुकान घेईल. मग दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि ते काम लांबतं.