माळावर झाडं लावण्याआधी माळ काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे: बारामती तालुक्यात वडिलोपार्जित तीन एकर माळ आहे. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, तरी तुमच्या माळावर नुसतं गवत, शेजारच्या टेकडीवर काटेरी झाडं आणि खालच्या ओढ्याला दाट झाडी असं का? आणि या माळाचं जंगल करायचं तर कोणती झाडं लावावीत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लावू नका.

मी सुप्याकडचा, धनगराच्या घरातला. पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो, आता तेच शिकवतो. तुमच्यासारखा प्रश्न कुणी विचारला की मला गप्प बसवत नाही, कारण याच प्रश्नावरून माझं घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

पाऊस सारखा पडतो हे खरं, पण पडलेलं पाणी जमिनीत कुठं आणि किती दिवस राहतं हे दर शंभर पावलांवर बदलतं. आपलं पठार लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालंय. काही थर टणक, काही मऊ. टणक थराच्या माथ्यावर वीतभर मुरूम आणि खाली सलग कातळ, तोच तुमचा माळ. तिथं पाणी वरच्या वर राहतं आणि दिवाळीनंतर संपतं. गवताची मुळं दाट आणि उथळ, त्यामुळे ते पावसाळ्यातच वाढतं, फुलतं, बी टाकतं. नंतर वरून वाळलं तरी बुडखा जिवंत असतो. झाडाच्या रोपाला मात्र पहिला उन्हाळा काढायला खालची ओल लागते, ती तिथं नाही.

टेकडीचा उतार भेगाळलेला असतो. पाणी भेगांतून खोल उतरतं, गवताच्या मुळांना सापडत नाही, पण हिवर, बोर, खैर यांची सोटमुळं तिथवर पोचतात. म्हणून दगडधोंड्यांत झाड आणि सपाटीला गवत, असं उलटं दिसतं. ओढ्याला वरून वाहून आलेला गाळ साचतो, उन्हाळ्यातही खाली ओल राहते, तिथं करंज, जांभूळ, उंबर, शिंदी. खोल काळ्या रानाची तऱ्हा आणखी वेगळी. ते एप्रिल-मेमध्ये इतकं फाटतं की कोवळ्या रोपांची मुळं तुटतात. तिथं बाभूळ तग धरते, मारवेल गवत माजतं आणि पाणथळ जागी मोशी हे गवत येतं. हा नियम फक्त आपल्याकडचा नाही. थरच्या वाळवंटात वाळूच्या टेकडीवर फोगाची झुडपं, सपाटीला खेजडीची झाडं आणि खडकाळ डोंगरावर थोर, अशी वाटणी जमिनीनेच केलेली आहे.

आता भांडणाचं सांगतो. आमच्या गावच्या गायरानावर झाडं लावायची टूम निघाली. शहरातल्या एका संस्थेने पैसे दिले, गावात समिती झाली आणि समितीत पुढे होते माझे थोरले दाजी. माणूस कष्टाळू, गावासाठी झटणारा, त्यांच्या हेतूबद्दल मला कधीच शंका नव्हती. मी त्यांना म्हणालो, "दाजी, आधी एकदा पावसाळ्यात माळ फिरून बघू, मग ठरवा." ते म्हणाले, "पडीक रानात काय बघायचंय? तिथं आहेच काय?"

उन्हाळ्यात जेसीबी आला. उताराला आडवे चर, सपाटीला खड्डे. वरचा मुरूम खाली गेला, खालचा चुनखडीचा थर वर आला. वड, पिंपळ, करंज आणि सगळ्यात जास्त गिरिपुष्प लावलं. टँकरने पाणी घातलं. टँकर बंद झाल्यावर वड-पिंपळ गेले, करंज खुरटले आणि उरलं ते गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतलं झाड, बांधावर हिरवळीच्या खताला चांगलं, पण आमची मेंढरं त्याच्या ओल्या पाल्याला तोंड लावत नाहीत. चरांच्या भरावावर गाजरगवत आलं. ज्या सपाटीला पवन्या आणि डोंगरी ही गवतं गुडघ्याएवढी व्हायची तिथं ती परत आली नाहीत, कारण या गवतांचे बुडखे वर्षानुवर्षांचे असतात आणि उपटले की नुसत्या बियांवर ते लवकर उभे राहत नाहीत. धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवर घरटी करतात. ते पक्षी तिथून हलले. खोकडाची बिळं चराच्या मातीखाली गेली.

आणि वर्तमानपत्रात बातमी आली की ओसाड माळ हिरवा झाला.

सुगीनंतर सगळे घरी जमलेले असताना मी हा विषय काढला. दाजींचं म्हणणं होतं, "पूर्वी इथं जंगलच असणार. लोकांनी तोडलं, तुमच्या मेंढरांनी खाल्लं, म्हणून माळ झाला." हे वाक्य मला लागलं आणि आजही लागतं. चराईमुळे माळ बिघडतो, हे मी नाकारत नाही. फार चराई झाली की आधी पवन्या आणि मारवेल जातं, कुसळी वाढते, पुढे तीही जाऊन तरवड आणि टाकळा उरतो. पण बिघडलेला माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. दबडघाव आणि शंकरनारायण या गवतांच्या अभ्यासकांनी १९७३ साली देशातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार केले, त्यात दख्खनचं पठार पवन्या-मारवेलाच्या जोडीच्या प्रकारात येतं. पर्यावरणाचे अभ्यासक महेश संकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आफ्रिकेतल्या ८५४ जागांची माहिती एकत्र करून दाखवलं की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल, तर झाडोरा जास्तीत जास्त किती दाटेल हे पाऊसच ठरवतो. त्याहून जास्त पाऊस असेल, तर झाडोरा विरळ ठेवायला आग आणि चराई लागते. बारामती, इंदापूर, दौंड इथला पाऊस पाचशेच्या आसपास आहे.

आणि २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातून आणि लोकगीतांतून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानझाडांचे उल्लेख वेचले, पार तेराव्या शतकापासूनचे. मिळालेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ खास माळरानाच्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही इथं हिवर-बाभळीच्या विरळ सावलीचं गवताळ रानच होतं. हे मी दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुस्तकातलं राहू दे." मग काय बोलणार?

कुसळीचंच बघा. तिच्या बियांचं कुसळ दमट हवेत पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. ते मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात घुसतं. कुसळ पिकायच्या सुमाराला आमचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, कोकणाच्या वाटेला लागतात, ते उगाच नाही. या गवताचा, मेंढरांचा आणि माणसांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. सरकारी नकाशात मात्र झुडपी रान 'पडीक' या सदरात मोडतं, आणि पडीक म्हटलं की कुणीही खड्डे काढायला मोकळा.

थोडं सांगायचं राहिलं. मी बोलतोय ते पर्जन्यछायेतल्या माळाबद्दल. घाटमाथ्यावर, जिथं हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं जंगल तोडून गवत झालेल्या जागा खरोखर आहेत आणि तिथं देशी झाडं लावणं योग्य ठरू शकतं. कोकणातले कातळसडे हा आणखी निराळा विषय. आणि आफ्रिकेतला आकडा इथं तंतोतंत लागू होईलच असं नाही, तिथली जमीन वेगळी आहे. दरवर्षी माळ पेटवून देणं चांगलं, असंही माझं म्हणणं नाही.

तुमच्या तीन एकरांचं म्हणाल तर दोन पावसाळे चराई बंद ठेवा आणि कुठं काय उगवतं ते बघा. गाजरगवत फुलायच्या आत उपटा. बुडखे अगदीच गेले असतील तर शेजारच्या चांगल्या माळावरून मारवेलाचे ठोंब आणून पहिल्या पावसात लावा. नंतर बी पडल्यावर मेंढरं आत सोडा, लेंडीखत पडू द्या. आपोआप आलेली बोर-हिवर तोडू नका. ओढ्याकडेचा कोपरा असेल तर तिथं करंज, जांभूळ खुशाल लावा.

घरातलं कुणी माळ वाया जातोय म्हणालं, तर त्यांना ऑगस्टच्या शेवटी तिथं घेऊन जा. आमच्या दाजींना मी दरवर्षी बोलावतो, अजून आले नाहीत. ते भेटले की मी एकच विचारतो, गायरानावरचं गवत गेलं, आता गावातल्या मेंढरांनी पावसाळ्यात चरायचं कुठं? याचं उत्तर समितीतल्या कुणीही दिलेलं नाही.