ड्रम किटसाठी राइड सिंबल घेताना हेवी घ्यावी की मीडियम?

तुम्ही लिहिलंय की किटसोबत आलेली 20 इंची पितळी राइड (ज्या मोठ्या थाळीवर काठीने सलग ताल धरतात ती) दोन मिनिटं वाजवली की नुसता गोंगाट होतो, काठीचा एकेक ठोका कळत नाही. दुकानदार म्हणतो हेवी, म्हणजे जाड आणि वजनदार, घ्या. वाजवता हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, शे-दोनशे माणसांच्या हॉलमध्ये.

हेवी घेऊ नका. हा सल्ला वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी तितकाच संताप येतो, कारण तो अर्धाच खरा आहे. तुमच्या राइडचा मुख्य दोष धातूत आहे, वजन नंतर बघू.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. राइडला लागतं कासं, म्हणजे तांबं आणि कथील. घरात तळपाय चोळायची काशाची वाटी असेल तर ती बोटांच्या टोकांवर धरून काठाला टिचकी मारा, मग तशाच आकाराच्या पितळी वाटीला मारा. आणखी काही समजावून सांगावं लागणार नाही. सिंबलच्या काशाचे दोन प्रकार नेहमी ऐकू येतात: बी20 मध्ये 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं, बी8 मध्ये 92 आणि 8. कथील वाढलं की नाद भरतो, पण धातू ठिसूळ होतो. म्हणून बी20 पुन्हापुन्हा तापवून लाटावं लागतं, थंड लाटलं तर तडकतं. किंमत तिथे वाढते. बी8 वाईट असतं असं मात्र नाही, पाइस्टे या सिंबल कंपनीची ‘2002’ नावाची मालिका बी8 चीच आहे. फरक हातोडीकामात आणि घडणीत पडतो. स्वस्त किटसोबत येणारी थाळी बहुतेक वेळा पत्र्यातून कापून दाबलेली असते.

आता वजन. माझ्याकडे दोन राइड आहेत, दोन्ही 20 इंची, दोन्ही बी20. एक 2,180 ग्रॅम, दुसरी 2,790. एकाच स्टँडवर आळीपाळीने लावायच्या, लाकडी टोकाची 5ए (मध्यम जाडीची) काठी घ्यायची आणि कड व बेल (थाळीच्या मधला फुगवटा) यांच्या मधोमध, मिनिटाला 120 च्या लयीत आठव्या मात्रा, म्हणजे दर मात्रेला दोन ठोके, वाजवायच्या. हेवी पहिल्या ठोक्यापासून ‘टिंग’ अशी टोकदार बोलते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. दुकानात माणूस फसतो तो इथेच, कारण दुकानात कोणी गात नसतं. काठी थांबवा आणि ऐका: टिंग संपलं तरी मागे एक उंच, घंटेसारखी गुणगुण रेंगाळत राहते. गुळगुळीत भिंतींच्या हॉलमध्ये ती गुणगुण गायकाच्या शब्दांवर बसते. ध्रुवपदाला काठीच्या खांद्याने (टोकामागच्या निमुळत्या भागाने) कडेवर मारलं तर हेवी उघडतच नाही. कड लवत नाही, घण मारल्यासारखा आवाज येतो आणि धक्का मनगटात परततो.

2,180 ची राइड वेगळी वागते. पहिल्या दोन-तीन बारमध्ये ठोक्यांखाली तिचा फुफाटा, म्हणजे पसरत जाणारा सलग आवाज, ज्याला आपण वॉश म्हणतो, हळूहळू चढतो आणि एका पातळीवर थांबतो. ठोके त्याच्या वर तरंगत राहतात. राइडची खरी परीक्षा हीच: वॉश कुठे थांबतो? तुमच्या पितळी थाळीचा थांबतच नाही. हेवीचा नीट चढतच नाही.

आमच्या साउंडवाल्याचं म्हणणं, माइक लावला की कुठलीही राइड चालते. मला हे कधीच पटलं नाही. ओव्हरहेड माइक जे वाजतंय तेच उचलतो. इक्वलायझरवर ती गुणगुण कापायला गेलं की टिंगही तिच्यासोबत जातं, आणि गायकाच्या माइकमध्ये शिरलेली राइड तर कोणत्याच बटणाने निघत नाही. आवाज थाळीतच ठरतो.

तेव्हा 20 इंचीत साधारण 2,100 ते 2,350 ग्रॅम, 22 इंचीत 2,500 ते 2,800. एकाच मॉडेलच्या दोन नगांत शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज असतो, म्हणून मागे छापलेल्या ‘मीडियम’वर जाऊ नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सोबत न्या. दुकानदार हसला तर हसू दे.

काठी स्वतःचीच न्या. नायलॉनच्या टोकाने कुठलीही राइड चकचकीत वाटते. थाळी बोटावर धरून टिचकी मारू नका, स्टँडवर लावून पाच मिनिटं सलग वाजवा. मग दुसऱ्याला वाजवायला सांगून पंधरा फूट मागे जा. जवळून गडद, मऊ वाटणारी राइड लांबून कधीकधी ऐकूच येत नाही, आणि जवळून थोडी कर्कश वाटणारी तिथे नेमकी बसते. शेवटी बेल: काठीच्या खांद्याने वाजवल्यावर ती बाकी थाळीपासून वेगळी कळली पाहिजे.

जुनी घेत असाल तर कडेवरून नख फिरवा, अडकलं तर तिथे चीर सुरू झाली असेल. मधलं भोक एका बाजूला लांबट झालंय का तेही बघा. स्टँडवर प्लास्टिकची नळी न लावता वाजवलं की लोखंडी दांडा भोक असं खातो. काळपट झालेली थाळी चिंच-मिठाने घासू नका. कोमट पाण्यात साबण, मऊ फडकं आणि लगेच कोरडी पुसायची, एवढं पुरे.

एक राहिलं. मेटल, म्हणजे दणदणीत गिटारचं रॉक, वाजवत असाल, दोन मोठे गिटार अॅम्प शेजारी असतील, तर वरचं सगळं उलटं करा. तिथे हेवीच लागते, 20 इंचीत 2,700 च्या पुढची, कारण पातळ राइड त्या भिंतीत बुडते. आणि नवी घेण्याआधी आत्ताच्या राइडचा विंगनट (स्टँडवर थाळी आवळायचा पंखांचा नट) दोन फेरे सैल करून बघा. खाली-वर फेल्ट, मध्ये नळी, आणि कडेला बोट लावलं तर थाळी मोकळी डुलली पाहिजे. आवळलेली थाळी नीट बोलत नाही आणि एक दिवस कडेवर चिरते. मग मागच्या बाजूला, बेल आणि कडेच्या मधोमध, बोटभर गॅफर टेप (स्टेजवर वापरतात ती कापडी चिकटपट्टी) लावा. पितळ पितळच राहील, पण येत्या कार्यक्रमापुरता गोंगाट कमी होईल.