हात जवळ नेला की एफएम ट्रान्समीटर का सरकतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बीसी५४७ वापरून एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर ब्रेडबोर्डवर जोडला, आवाज आला, पण हात जवळ नेला की स्टेशन पळतं. आता आणखी एक स्टेज लावून रेंज वाढवावी का, आणि याच पद्धतीने व्हिडिओ पाठवता येईल का?

रेंजचं तूर्त डोक्यातून काढा. ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) एका जागी ठरत नसेल तर पॉवर वाढवून तो फक्त जास्त लांबपर्यंत भटकेल.

आकडेमोड करून बघा. २२ गेजच्या तारेचे ६ मिमीच्या ड्रिल बिटवर ५ वेढे घालून कॉइल केली, ओढून साधारण ६ मिमी लांब केली, की तिचा इंडक्टन्स जवळपास ०.१२ मायक्रोहेन्री येतो. १०० मेगाहर्ट्झसाठी त्याच्या जोडीला सुमारे २० पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो. त्यात १ पिकोफॅरडचा फरक पडला तरी फ्रिक्वेन्सी सव्वादोन-अडीच मेगाहर्ट्झ सरकते. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्येच एक-दोन पिकोफॅरड असतात, आणि तुमचा हात त्यात आपली भर घालतो. सर्किटमध्ये चूक नाही, जागा चुकली आहे.

कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा, एक तुकडा घ्या (मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळेल). तांब्याची बाजू वर ठेवा, ती सगळी ग्राउंड. पार्ट त्यावर उभे सोल्डर करा, पाय जेवढे आखूड कापता येतील तेवढे कापा. कॉइलच्या प्लस टोकाला आणि बेसला १०२ चा (१ नॅनोफॅरड) डिस्क कपॅसिटर थेट ग्राउंडला. कलेक्टर-एमिटरमधला ४.७ पिकोचा आणि कॉइलवरचा कपॅसिटर एनपीओच (तापमानाने न बदलणारा) मागा, साधी डिस्क तापली की सरकते. नऊ व्होल्टची बॅटरी उतरत गेली तरी फ्रिक्वेन्सी हलते, म्हणून ७८एल०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावा. ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) फिरवायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. जुन्या टूथब्रशचं टोक घासून चपटं करा, झकास चालतं. ट्यूनिंग झालं की कॉइलवर मेणबत्तीचं मेण टाका.

अँटेना थेट कलेक्टरला जोडली की तीही ट्यून्ड सर्किटचाच, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीचाच, भाग होते. तूर्त दहा-पंधरा सेंटीमीटर तार पुरे, तीही कॉइलच्या प्लस टोकाकडून एका वेढ्यावर टॅप काढून. लांब तारेआधी बफर, म्हणजे अँटेनाला ऑसिलेटरपासून वेगळी ठेवणारी स्टेज, हवा.

आता एक गोष्ट बरेच जण तपासत नाहीत. जुन्या डायलच्या रेडिओत आयएफ (सिग्नल आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवतात ती) १०.७ मेगाहर्ट्झ असते, त्यामुळे ९२ वर लावलेला रेडिओ तिच्या दुपटीने वरचा, म्हणजे ११३.४ वरचा, जोरदार सिग्नलही ऐकवतो. म्हणजे तुम्हाला वाटतं आपण ९२ वर आहोत, आणि प्रत्यक्षात विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांच्या पट्ट्यात शिरलेलो असतो. हा पट्टा १०८ ला सुरू होतो, ११८ पासून पुढे वैमानिकांचं बोलणं. मोबाइलच्या एफएमवरही तोच आकडा दिसला तर बहुधा ठीक. नाही दिसला तर बंद करा, कॉइलला वेढा वाढवा. परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचं नाही हे वेगळं सांगायला नको. खोलीबाहेर सिग्नल न्यायचा असेल तर हॅमची (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांची) परीक्षा द्या, बारा वर्षं पूर्ण झालेल्यालाही देता येते. मग परवाना मिळाला की १४४-१४६ मेगाहर्ट्झवर स्वतः बनवलेला सेट रीतसर वापरता येतो.

व्हिडिओ हे निराळं प्रकरण आहे. आपल्याकडच्या जुन्या ॲनालॉग टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्र एएमने आणि आवाज चित्रापेक्षा ५.५ मेगाहर्ट्झने वरच्या फ्रिक्वेन्सीवर एफएमने जायचा. व्हीएचएफ चॅनल ७ मेगाहर्ट्झ रुंद. एकाच ट्रान्झिस्टरला एएम केलं की त्याची फ्रिक्वेन्सीही हलते आणि चित्र फाटतं. भंगारातल्या व्हीसीआरचा आरएफ मॉड्युलेटर (व्हिडिओचा टीव्ही चॅनलसारखा सिग्नल करणारा डबा) काढा, केबलने टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडा आणि तिथे शिका. हवेत सोडायची गरजच नाही.

कॉपर क्लॅडवर जोडणी झाली की वरून एक फोटो टाका, पायांची लांबी दिसेल असा. बफरचं सर्किट मी त्यानंतर देतो.